मॉर्मन घरात कम आउट होताना: कुणाला आधी सांगायचं, किती सांगायचं

आपला मुलगा गे आहे किंवा मुलगी लेस्बियन आहे हे कळल्यावर मॉर्मन आईवडिलांच्या मनात 'लोक काय म्हणतील' हा विचार येतोच. पण बहुतेक वेळा त्याच्याही आधी दुसरी भीती येते: मेल्यानंतर हे लेकरू आपल्यात नसणार. ही भीती ओळखता आली नाही तर पुढचं सगळं बोलणं भलत्याच दिशेला जातं, म्हणून सुरुवात तिथून.

'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या चर्चचं अधिकृत नाव. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे आणि जगभरात १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. 'मॉर्मन' हा शब्द वापरू नका असं चर्च २०१८ पासून आग्रहाने सांगतं. मी इथे सोयीसाठी वापरते आहे. या चर्चच्या शिकवणुकीत टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चपेक्षा वेगळ्या पवित्र वास्तूत, झालेलं लग्न मरणापलीकडेही टिकतं. नवरा-बायको आणि त्यांची मुलं एकमेकांना कायमची 'सील' होतात, आणि स्वर्गातलं सर्वोच्च स्थान अशा सील झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांनाच मिळतं. १९९५ चा कुटुंबाविषयीचा जाहीरनामा फ्रेम करून असंख्य मॉर्मन घरांच्या दिवाणखान्यात लावलेला असतो. लग्न स्त्री-पुरुषाचंच आणि लिंगभाव जन्माआधीपासून ठरलेला, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. 'वर गेल्यावर आपल्या घरची एकही खुर्ची रिकामी नको' असं या घरांत नेहमी बोललं जातं. मुलगा 'मी गे आहे' म्हणतो तेव्हा आईला ती खुर्ची दिसते.

हा लेख मुख्यतः अशा घरातल्या माणसासाठी आहे. पण सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधल्या लीहाय भागात सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे आपली मराठी मंडळीही राहायला आली आहेत. शेजारचा मुलगा, ऑफिसातली मैत्रीण, मुलाचा रूममेट यांपैकी कुणी एक दिवस तुम्हालाच पहिल्यांदा सांगू शकतं, कारण तुम्ही त्यांच्या वॉर्डातले, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीतले, नसता. त्यामुळे तुम्हालाही हे माहीत असलेलं बरं.

एकाच वाक्यात तीन गोष्टी सांगू नका

चर्चच्या आजच्या नियमानुसार समलिंगी आकर्षण वाटणं हे पाप नाही. समलिंगी डेटिंग, शरीरसंबंध आणि लग्न मात्र नियमाबाहेर आहे. ब्रह्मचर्याचा नियम पाळणाऱ्या गे माणसाला टेंपल रेकमेंड, म्हणजे टेंपलमध्ये जाण्याचा परवाना, मिळू शकतो. तो वॉर्डात जबाबदाऱ्या घेऊ शकतो, मिशनवरही, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामावरही, जाऊ शकतो.

म्हणून 'मला काय वाटतं', 'मी स्वतःला काय म्हणवतो' आणि 'मी पुढे काय करणार आहे' या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरा. पहिल्या दोन सांगितल्याने चर्चच्या नियमाप्रमाणे तुमचं काही जात नाही. तिसरी सांगितली की परवाने, पदं आणि काही ठिकाणी शिक्षणही पणाला लागतं. आईबाबा आणि बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, नेमकं तिसऱ्याबद्दल विचारतात, तेही पहिल्याच पाच मिनिटांत. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. 'ते अजून मी ठरवलेलं नाही' हे वाक्य आधीच तोंडात बसवून ठेवा. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच.

ट्रान्स व्यक्तींसाठी हा फरक इतका सरळ नाही. ऑगस्ट २०२४ च्या नियमांनुसार नाव, सर्वनाम किंवा पोशाख बदलणं एवढ्यानेही निर्बंध येऊ शकतात. टेंपल रेकमेंड मिळत नाही, मुलांना शिकवण्याची किंवा त्यांच्यासोबत काम करण्याची जबाबदारी मिळत नाही, चर्चच्या इमारतीत एकट्याचं स्वच्छतागृह वापरा असं सांगितलं जातं. गे मित्राने बिशपशी बोलून सगळं नीट झालं म्हणून तुमचंही तसंच होईल असं धरून चालू नका.

तोंड उघडण्याआधी: कागद, पैसे, कॉलेज

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बहुतेक मॉर्मन आईवडील मुलांना घराबाहेर काढत नाहीत. पण काही काढतात, आणि आपले आईबाबा कुठल्या गटातले हे मुलांना वाटतं तितकं आधी कळत नाही.

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि पासपोर्ट कुठे आहेत ते शोधा. सज्ञान असाल तर ते स्वतःजवळ घ्या. बँकेचं खातं आईबाबांबरोबर संयुक्त असेल तर दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाचं उघडा. फोन फॅमिली प्लॅनवर असतो, लोकेशन घरच्यांना दिसत असतं आणि टॅबलेटवर सगळ्यांचा एकच अकाउंट चालू असतो. कित्येक मुलं स्वतःहून कम आउट होतच नाहीत, एखादा मेसेज भलत्याच स्क्रीनवर उमटून ती उघडी पडतात. वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या आरोग्य विम्यात राहता येतं, पण थेरपिस्टकडे गेल्याचं विवरणपत्र पॉलिसीधारकाच्या नावाने घरी येऊ शकतं. आधी विमा कंपनीशी बोलून घ्या.

सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात साधारण २४ वर्षांपर्यंत तुम्ही आईवडिलांवर अवलंबून आहात असंच धरलं जातं, म्हणजे त्यांची माहिती लागते. घरच्यांनी संबंध तोडले असतील तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडे स्वतंत्र विद्यार्थी म्हणून विचार करा अशी विनंती करता येते. त्यासाठी शिक्षक, समुपदेशक अशा कुणाचं पत्र उपयोगी पडतं.

आता ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी. प्रोव्होमधलं हे विद्यापीठ चर्चचं आहे. तिथे शिकायचं तर दर वर्षी बिशपचं शिफारसपत्र लागतं आणि ऑनर कोड, म्हणजे विद्यापीठाची आचारसंहिता, पाळावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये या संहितेतून समलैंगिक वर्तनाविषयीचं कलम काढलं गेलं आणि कॅम्पसवर मुलांनी उघडपणे एकमेकांना मिठ्या मारल्या. काहींनी त्याच आठवड्यात घरी फोन करून सांगून टाकलं. ४ मार्चला चर्चच्या शिक्षण विभागाचं पत्र आलं: समलिंगी प्रेमसंबंध संहितेला धरून नाहीतच. बरोबर एक वर्षाने, ४ मार्च २०२१ च्या रात्री, विद्यार्थ्यांनी डोंगरावरचं विद्यापीठाचं ते प्रचंड 'वाय' अक्षर इंद्रधनुषी रंगांत उजळवलं. २०२३ मध्ये मनाई पुन्हा लेखी संहितेत आली. यातून घ्यायचं ते एवढंच की नियम सैल झाल्याची बातमी ऐकून त्याच दिवशी निर्णय घेऊ नका.

तिथे गे असणं चालतं, जोडीदार असणं चालत नाही. चर्चचा राजीनामा दिला तर शिफारसपत्रही जातं. विद्यार्थ्यांच्या वॉर्डात ज्या बिशपपुढे तुम्ही मन मोकळं करता त्याचीच सही त्या शिफारसपत्रावर असते, हे कधीही विसरू नका. पदवीला दोन सेमिस्टर राहिली असतील तर मी थांबायला सांगेन. दोन-तीन वर्षं राहिली असतील तर शेजारच्या ऑरेममधल्या युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत क्रेडिट्स किती चालतील याची चौकशी आधी करून ठेवा.

पहिला माणूस बिशप नको

लहानपणापासून शिकवलेलं असतं की काही अडचण आली की बिशपकडे जा. पण बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तो दंतवैद्य असेल, विमा एजंट असेल. साधारण पाच वर्षं तो हे काम करतो आणि मग पुन्हा तुमच्या मागच्या बाकावर येऊन बसतो. मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्याला नसतं. मनाने तो फार चांगला असू शकतो, पण तुमच्याबद्दल निर्णय घेण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. एकाच माणसाकडे या दोन्ही भूमिका असताना पहिली कबुली तिथे देऊ नये.

वॉर्ड म्हणजे तुमच्या पत्त्यावरून ठरलेली मंडळी. निवड नसते. युटात तर चार गल्ल्यांचा एक वॉर्ड असतो, त्यामुळे चाळीतल्या सामाईक गॅलरीत बोलल्यासारखं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. कुणाच्या घरी काय चाललं आहे ते वॉर्ड कौन्सिलमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत, 'काळजी' म्हणून चर्चेला येतं. म्हणून पहिला माणूस वॉर्डाबाहेरचा असावा: दुसऱ्या गावातली मावशी, कॉलेजातली मैत्रीण, शाळेतला समुपदेशक, परवानाधारक थेरपिस्ट.

थेरपिस्ट निवडताना पहिल्याच फोनवर विचारा, 'तुम्ही आकर्षण किंवा लिंगभाव बदलण्याचा प्रयत्न करता का?' उत्तर सरळ 'नाही' असं आलं पाहिजे. सत्तरच्या दशकात ब्रिगम यंग विद्यापीठातच विजेचे झटके देऊन मुलांना 'बरं' करण्याचे प्रयोग झाले. युटाने २०२० मध्ये नियमाने आणि २०२३ मध्ये कायद्याने अल्पवयीनांवरच्या अशा उपचारांना परवानाधारकांसाठी मनाई केली, आणि चर्चनेही अशा उपचारांचा निषेध केलेला आहे. पण तो नियम पाद्री आणि आईवडिलांना लागू नाही.

संस्था बऱ्याच आहेत आणि त्यांचा कल वेगवेगळा आहे. १९७७ पासूनची 'अफर्मेशन' सगळ्यांना सामावून घेते, चर्चमध्ये राहिलेल्यांना आणि सोडलेल्यांनाही. 'नॉर्थ स्टार' चर्चचे नियम पाळून राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तरुणांसाठी 'एन्सर्कल'ची घरं आहेत; त्यातलं पहिलं २०१७ मध्ये प्रोव्होत सुरू झालं. शाळकरी मुलांसाठी युटात 'सेफ-यूटी' हे अ‍ॅप आहे, त्यावर समुपदेशकाशी चॅट करता येतं. जीव नकोसा झाला असेल तर अमेरिकेत कुठूनही ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो. त्या वेळी या लेखातला कुठलाही क्रम पाळायची गरज नाही.

आईबाबांना सांगण्याचा दिवस

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या सदस्यांसाठी चर्चच्या नेत्यांच्या भाषणांची सभा, असते, तो शनिवार-रविवार टाळा. एखाद्या भाषणात कुटुंबाचा विषय हमखास निघतो आणि मग तुमचं बोलणं त्या भाषणाचं उत्तर होऊन बसतं. महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा असतो, तोही टाळा. उपाशी पोटी कुणीच नीट ऐकत नाही. धाकट्या भावाच्या मिशनच्या निरोपाचा आठवडा तर नकोच. सोमवारची संध्याकाळ कुटुंबाची असते, पण तेव्हा लहान भावंडंही समोर असतात. साधा मधला वार, जेवणानंतर, आणि त्या रात्री झोपायला दुसरी जागा ठरवलेली, हे सर्वांत बरं.

आधी एकालाच सांगितलं, समजा आईला, तर तिच्या डोक्यावर गुपिताचं ओझं येतं. ते फार दिवस तिच्याकडे ठेवू नका. समोरासमोर जमणार नसेल तर पत्र लिहा. पत्राचा एक फायदा असा की आईबाबांची पहिली प्रतिक्रिया तुम्हाला बघावी लागत नाही, आणि ती बऱ्याचदा त्यांनाही पुढे आठवायला आवडत नाही.

बोलणं थोडक्यात ठेवा. 'आई, बाबा, मी गे आहे. मला हे बरीच वर्षं माहीत आहे. तुमच्यापासून लपवून राहायचं नाही म्हणून सांगतोय.' आणि थांबा. धर्मशास्त्रावर वाद घालू नका. तुम्ही वचन काढाल, ते दुसरं काढतील आणि रात्र संपेल.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. 'लहानपणी तुला कुणी काही केलं का?' याला शांतपणे 'नाही, आणि यात तुमचंही काही चुकलेलं नाही' म्हणा. या प्रश्नाखाली त्यांचा स्वतःवरचा आरोप असतो. 'मिशनवर गेलास की ठीक होईल' याला मात्र ठाम नकार द्या, कारण या आशेवर गेलेली मुलं परतल्यावर दुप्पट खचलेली असतात. 'कुणी आहे का आयुष्यात?' आणि 'चर्च सोडणार का?' यांना वर सांगितलेलं वाक्य: 'ते अजून मी ठरवलेलं नाही.' 'बिशपशी बोललास?' याला: 'माझी तयारी झाली की मी बोलेन. माझ्याआधी तुम्ही बोलू नका.' हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. कुणाकुणाला सांगायची मोकळीक आहे ते नावं घेऊन सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आजीला कळलेलं असतं आणि तिने तुमचं नाव टेंपलच्या प्रार्थनेच्या यादीत घातलेलं असतं.

बाबा कदाचित डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊ का म्हणून विचारतील. या घरांमध्ये बापाला प्रेम व्यक्त करायचा तोच मार्ग माहीत असतो. हवा असेल तर घ्या, पण आधी सांगा, 'मी बदलावं असं त्यात मागू नका.' नको असेल तर नाही म्हणा आणि त्याऐवजी मिठी मागा.

आईबाबांना आधारासाठी काही द्यायचं तर विश्वासातल्या माणसांचं द्यावं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'फॅमिली अ‍ॅक्सेप्टन्स प्रोजेक्ट'ने २०१२ मध्ये खास मॉर्मन कुटुंबांसाठी पुस्तिका काढली. याच प्रकल्पाच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की ज्यांना घरातून तीव्र नकार मिळाला त्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, नकार न मिळालेल्या किंवा अगदी कमी मिळालेल्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक होतं. शिकवणूक बदलायला न सांगता वागणं बदलायला सांगणारी ही पुस्तिका असल्याने ती उघडली तरी जाते. आयांसाठी 'ममा ड्रॅगन्स' हा गट आहे. प्रेषित, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक, असलेले टॉड क्रिस्टॉफरसन यांचे भाऊ टॉम गे आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनी त्यांना जोडीदारासकट घरात सामावून घेतलं होतं, हेही पुष्कळ आईवडिलांना धीर देतं. मात्र टॉम यांनी पुढे तो संबंध संपवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आईबाबा गोष्टीचा हाच शेवट उचलतील, याची तयारी ठेवा.

मग बिशप, हवं असेल तरच

तुम्ही चर्चमध्ये सक्रिय राहणार असाल तर ही भेट कधीतरी होईल. नसाल तर करायची गरज नाही. २०१८ पासून अल्पवयीन मुलांना मुलाखतीत आईवडील किंवा दुसरा मोठा माणूस सोबत ठेवता येतो. बिशप जे ऐकतो ते स्टेक प्रेसिडेंटपर्यंत, म्हणजे अनेक वॉर्डांच्या वरच्या प्रमुखापर्यंत, जाऊ शकतं. सुरुवातीलाच विचारा: 'हे कुणाला सांगाल? कुठे लिहून ठेवाल?' ब्रह्मचर्याबद्दलचे प्रश्न तपशिलात शिरले तर 'याहून जास्त सांगणं मला योग्य वाटत नाही' म्हणून उठता येतं.

समलिंगी लग्न केलं तर सदस्यत्वाबद्दल कौन्सिल, म्हणजे स्थानिक नेत्यांची चौकशी बैठक, बसू शकते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अशा जोडप्यांना धर्मत्यागी ठरवणारा आणि त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा रोखणारा नियम आला होता. तो एप्रिल २०१९ मध्ये मागे घेतला गेला, पण समलिंगी लग्न आजही गंभीर उल्लंघनच मानलं जातं. कौन्सिल बसेल की नाही हे बरंचसं त्या भागातल्या नेत्यावर अवलंबून असतं, त्यामुळे गाव बदलल्यावर अनुभवही बदलतो.

लग्न झालेलं असेल तर

जुन्या काळी लग्न हाच उपाय सांगितला जायचा. १९८७ मध्ये चर्चचे ज्येष्ठ नेते गॉर्डन हिंकली यांनी लग्नाकडे उपचार म्हणून पाहू नका असं जाहीर सांगितलं, तरी ती कुजबुज थांबली नाही. अशा संसारात पहिला हक्क जोडीदाराचा आहे. आईबाबा, बिशप, समाजमाध्यमं हे सगळं नंतर. जोडीदारालाही स्वतःचा वेगळा थेरपिस्ट लागतो, कारण तिच्या किंवा त्याच्या वाट्याला येणारं दुःख तुमच्या सुटकेच्या भावनेशी एकाच खोलीत मांडता येत नाही. मुलं असतील तर कुणाला काही जाहीर करण्याआधी वकिलाला भेटा.

सगळ्यांना सांगणं

महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीही चर्चमध्ये पुढे जाऊन आपली साक्ष देऊ शकतं, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल सगळ्यांसमोर बोलू शकतं, आणि तिथूनच सांगावं असं तरुणांना फार वाटतं. २०१७ मध्ये युटातल्या ईगल माउंटनमध्ये एका १२ वर्षांच्या मुलीने तसं केलं. बोलणं चालू असतानाच माइक बंद करण्यात आला. त्याचा व्हिडिओ जगभर गेला. मॅट ईस्टन यांनी एप्रिल २०१९ मध्ये ब्रिगम यंगच्या पदवीदान भाषणातच आपण गे असल्याचं सांगितलं, पण भाषण आधी मंजूर करून घेतलेलं होतं आणि पदवी पदरात पडत होती. जाहीर सांगायचं तर त्यांच्यासारखी तयारी असावी.

नोकरीच्या बाबतीत युटाचा २०१५ चा कायदा लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून नोकरीत आणि घरभाड्यात भेदभाव करायला मनाई करतो. धार्मिक संस्था मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. चर्चच्या एखाद्या संस्थेत नोकरी असेल तर दुसरी नोकरी हातात येईपर्यंत सोशल मीडियावर काही टाकू नका.

नंतरची लग्नं आणि राजीनामा

सगळ्यांत जास्त जखम कुठे होते, तर भावंडाच्या लग्नात. टेंपल रेकमेंड नसलेल्याला आत प्रवेश नाही. सख्खी बहीण सील होत असताना भाऊ बाहेरच्या बागेत फोटोंची वाट पाहत बसतो. मे २०१९ पर्यंत अमेरिकेत आधी साधं लग्न केलं तर टेंपलमध्ये सील व्हायला वर्षभर थांबावं लागायचं. ती अट आता नाही. त्यामुळे भावंडाचं लग्न ठरलं की लगेच, पत्रिका छापायच्या आधी, विचारा: 'आधी सगळ्यांसमोर लग्न आणि मग टेंपल, असं कराल का?' बरीच जोडपी हो म्हणतात. कुणी विचारलेलंच नसतं.

चर्च सोडायचं ठरलं तर सदस्यत्व काढून टाकण्याची लेखी विनंती करता येते. घाई नको. राजीनाम्याने बाप्तिस्मा आणि सीलिंग दोन्हींचा हक्क जातो असं चर्च मानतं, म्हणजे आईच्या दृष्टीने खुर्ची रिकामी होण्याचा दिवस तुम्ही कम आउट झालात तो नसतो, हा असतो. तुम्हाला त्या कागदाचं काहीच वाटत नसलं तरी तिला कळणार आहे. तिला ते वॉर्डातल्या कारकुनाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या, आणि त्यानंतरच्या रविवारी जेवायला येणार की नाही हेही त्याच फोनवर सांगून टाका.